खिडकीतला उपडा कप

असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय. मी एका बँकेत कम्प्लायन्सला आहे, सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कला... संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय.

आमचा कॉन्डो ईस्ट कोस्टला, बारावा मजला. गेल्या वर्षी सासूबाईंना पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक. नवरा जुरोंग आयलंडला कामाला, पहाटेच कंपनीच्या बसने जातो. मी दुपारनंतर घरून काम करते, पण सकाळचं काय?

मराठी ग्रुपवरून सुमनताईंचा नंबर मिळाला. नगरकडच्या, ख्रिश्चन, मुलगी इथे पोस्टडॉक. रोज सकाळी यायच्या, आईंचं अंग पुसायच्या, वेणी घालायच्या, कमोडचं भांडं धुवायच्या. पैसे घेत नसत. मग कशासाठी करता, असं मी एकदा विचारलंच.

"अहो, वेणी घालायला कारण कशाला लागतं?"

फुकट कोण कुणाचं भांडं धुतं? नक्की काहीतरी डाव असणार! मी बेडरूममध्ये कॅमेरा लावला. आणि – लपवत नाही – मी परतल्यावर आम्ही चहा घ्यायचो, तेव्हा त्यांचा कप वेगळा काढायचे. कान तुटलेला, निळा. त्या तो स्वतः धुवायच्या आणि किचनच्या खिडकीत उपडा ठेवायच्या, आमच्या कपांपासून लांब.

एक दिवस कॅमेऱ्यात दिसलं – आईंचा हात धरून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटताहेत. झालं, आईंना बाटवायचाच डाव! माझं डोकंच फिरलं. "उद्यापासून येऊ नका," म्हणाले. त्यांनी त्यांच्याकडची आमच्या घराची किल्ली टीपॉयवर ठेवली.

"आईंच्या उजव्या टाचेकडे बघत राहा. जखम होईल तिथे."

गेटवरच्या व्हिजिटर लिस्टमधून मी त्यांचं नाव काढलं. तो निळा कप कपाटात वर टाकला. दुसरी बाई सोमवारी येणार होती. मधला एकच शुक्रवार... काय होतंय, म्हणून मी आईंना एकटं ठेवून गेले.

दुपारी येऊन फोनवर रेकॉर्डिंग बघितलं. दहा बाराला आई पाण्यासाठी वाकल्या आणि पलंगावरून खाली पडल्या. मग स्क्रीन काळी. नेट गेलं असेल, मान्य. पण दहा एकेचाळीसला चित्र परत आलं, तर आई पलंगावर! स्वच्छ गाऊन, वेणी घातलेली, उजव्या टाचेखाली फडक्याची चुंबळ.

"कोण आलं होतं?"

"सुमन," आई म्हणाल्या.

मी तणतणत खाली गेले. सिक्युरिटी अंकलने लिस्ट दाखवली. "मॅम, यू रिमूव्ह हर नेम ऑलरेडी. हाऊ टू कम इन लाह?" लिफ्टच्या कॅमेऱ्यातही त्या नाहीत. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. शेवटी फोन लावला.

"मी? मी सकाळपासून चर्चमध्ये भाज्या चिरतेय हो, कामगारांच्या जेवणासाठी. आईंची टाच बरी आहे ना?"

त्यांच्या मुलीकडून खात्री केली, फोटोसुद्धा मागवले. वीस बायकांत त्या बसल्या होत्या, फोटोवर वेळ दहा पंचवीस. पाणी प्यायला किचनमध्ये गेले, तर खिडकीत निळा कप – उपडा, ओला.

मी खूप रडले. सोमवारी स्वतः जाऊन माफी मागितली आणि त्यांना घेऊन आले. मी सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत, बाई."

अजूनही मला काही कळलेलं नाही. संशय तर जातच नाही, रेकॉर्डिंग अजून बघते. त्या सोमवारी मात्र मी त्यांना आमच्या सेटमधल्या कपात चहा दिला आणि निळा स्वतः घेतला. चहा झाला, त्यांनी आपला कप धुतला... आणि सवयीने खिडकीत उपडा ठेवला.