दहापैकी अकरा

अपघात विभागात किस्से साचतात ते नोंदवहीच्या बाहेर! लातूरच्या एका रुग्णालयात मी पदव्युत्तर दुसऱ्या वर्षाला आहे. पुढीलपैकी पहिले दोन प्रसंग मी स्वतः पाहिले. उरलेले गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या चहाला, आमच्या इन्चार्ज सिस्टरांकडून ऐकले.

सगळे एकाच रुग्णाचे. उदगीरचे धान्यव्यापारी अप्पा. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर त्यांना वेदनाशामक इंजेक्शनची सवय लागली. अचूक सांगायचे तर, आम्हीच लावली. आता अप्पा ‘कळ आली’ म्हणून येतात, आणि आमच्या सरांना ती खरी वाटत नाही.

*

मी नियमाप्रमाणे विचारले, “शून्य ते दहा, किती दुखतंय?”

“अकरा.”

“दहापर्यंतच आहे, अप्पा.”

“मग दहा लिव्हा, अन् एक हातचा धरा!”

*

सरांनी अप्पांना व्यसनमुक्तीवर अर्धा तास समजावले. शेवटी सरांनीच कपाळ दाबून धरले.

अप्पांनी आस्थेने खिशात हात घातला. “गोळी देऊ का सर? लई गुणकारी हाय.”

*

एकदा नाटक पकडायचे म्हणून सरांनी नुसते डिस्टिल्ड वॉटर टोचायला लावले. अप्पा पाच मिनिटे छताकडे पाहत राहिले.

“सिस्टर, लातुरात नळाला पाणी न्हाई, अन् तुमी ते मला टोचताय व्हय?”

*

सिस्टर चिडल्या. “अप्पा, एक दिवस खरंच दुखंल, अन् कुणी खरं मानायचं न्हाई!”

“झालंय की ते, ताई. मागं खडा पडला. डबीत घालून सरांना दाखवाया आणला. सर म्हणले, कुणाचा हाय?”

*

त्यानंतर महिन्याभरातच आडतीत पोत्यांची थप्पी कोसळून अप्पांची मांडी मोडली. एक्स-रेची गरजच नव्हती. पाय भलतीकडे वळला होता. स्ट्रेचर दारात दिसताच सर ओरडले, “इंजेक्शन भरा! आधी ते, मग बाकीचं!”

सिस्टर सुई घेऊन धावल्या. घामाने निथळणाऱ्या अप्पांनी सरांकडे एकटक पाहिले.

“नको सर. सवय लागते.”

हे म्हणण्याआधीच त्यांनी बाही वर सरकवली होती, असे सिस्टर सांगतात. वॉर्डबॉयच्या मते बाही सरांनी सरकवली. एवढ्याची खात्री मला कधीच करता आली नाही.