सांगण्याचं काम

विद्याच्या नवऱ्याचा, दीपकचा फोन आला तेव्हा मी दादरला भाजी घेत होते. फोन त्याचा, पण पलीकडून तो बोललाच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, मागे कोणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता... मग कुणीतरी त्याच्या हातून फोन घेतला. शेजारच्या बाई होत्या. "विद्याताई गेल्या," त्या म्हणाल्या. "पहाटेच गेल्या. तुम्ही या." हातातली मेथीची जुडी मी परत ठेवली आणि टॅक्सी करून चिंचपोकळीला गेले. त्याला आता महिना उलटून गेला.

विद्या तोरसकरची आणि माझी मैत्री चाळिशी ओलांडल्यावरची. परळच्या एका कॉलेजात शनिवार-रविवारी मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, तिथे आम्ही भेटलो. वर्गात बहुतेक पंचविशीतली मुलं, लॅपटॉप उघडून बसलेली. आम्ही दोघी मागच्या बाकावर, वहीत लिहिणाऱ्या. मी एका औषध कंपनीच्या एचआरमध्ये होते, ती शिवडीला गोदामं आणि वाहतूक सांभाळणाऱ्या कंपनीत. तिथे ती हजेरी घेण्यापासून चढत चढत एचआर अधिकारी झाली होती, पण या पदवीशिवाय पुढची पायरी मिळणार नव्हती. कामगार कायद्याचा पेपर जवळ आला की ती चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत कलमं पाठ करायची. घरात जागा नव्हती असं नाही, पण बसून वाचलं की झोप यायची, असं तिचं म्हणणं. एकदा चहा पिताना मी विचारलं, "तुला हेच काम का करावंसं वाटलं?" तेव्हा तिने तिच्या बाबांबद्दल सांगितलं. ते गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. गिरणी बंद झाली हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. ते नेहमीसारखे पाळीवर गेले, तर फाटकाला कुलूप. पुढे कित्येक वर्षं 'गिरणी बंद झाली' असं ते म्हणत नसत. 'अजून काही कळवलं नाही,' असं म्हणत. "कळवण्याची वाट बघतच गेले," विद्या म्हणाली, आणि कप खाली ठेवून वर्गाकडे चालू लागली.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवायचा होता. मुलांनी कर्मचाऱ्यांचं समाधान, कामगिरीचं मूल्यमापन असे सरळसोट विषय घेतले. विद्याने लिहून दिलं, 'नोकरी गेल्याचं माणसाला कसं सांगितलं जातं.' आमचे सर भले गृहस्थ, पण ते वैतागले. "अहो तोरसकर, यात मोजण्यासारखं काय आहे?"

"मोजायचं नाहीये सर," ती म्हणाली. "विचारायचं आहे."

मग ती लालबाग, शिवडी, वरळीच्या बीडीडी चाळी फिरत राहिली, लोकांना विचारत. कधी मीही बरोबर असे. पॅकिंगमधली एक बाई म्हणाली, सकाळी हजेरीच्या यंत्राने तिचा अंगठाच घेतला नाही, आणि आपली बोटं झिजली असतील असं समजून ती अर्धा तास पदराला अंगठा पुसत उभी होती. कँटीनमधला एक आचारी कामावर पोचला तर त्याच्या शेगडीपाशी दुसराच माणूस कांदा परतत होता. त्या नव्या आचाऱ्यालाही काही माहीत नव्हतं. हे ऐकताना विद्या मान खाली घालून लिहीत राही. बाहेर पडल्यावर म्हणे, "नोकरी गेल्याचं दुःख आहेच गं. पण बघ, प्रत्येक जण दहा-दहा वर्षांनीसुद्धा तो क्षणच सांगतो."

त्याच हिवाळ्यात तिच्या कंपनीने एक गोदाम बंद करायचं ठरवलं. माणसांना कुरियरने पत्रं जाणार होती. विद्या साहेबांशी भांडली. निर्णय बदलणं तिच्या हातात नव्हतं, पण 'प्रत्येकाला मी स्वतः सांगेन' एवढं तिने पदरात पाडून घेतलं. त्यांत सदाकाका होते. तिच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहणारे, मालवणकडचे, तिला लहानपणी खांद्यावरून गणपती दाखवायला नेणारे. कंपनीत त्यांना तिनेच चिकटवलं होतं. ती संध्याकाळी त्यांच्या घरी गेली आणि सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू स्वतः येवन सांगलंस, ह्या बरा केलंस. पण आता माझ्या घराकडे येव नको."

ती गेली नाही. जिन्यात समोर आले तर ते भिंतीकडे तोंड करून वाट देत. चाळीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला तिला वगळलं. "मी नीट सांगितलं होतं," ती मला म्हणाली. "नीट सांगून काय झालं?"

पाठदुखी सुरू झाली ती त्यानंतर. आधी तिने ती प्रकल्पासाठीच्या पायपिटीवर ढकलली. तपासण्या झाल्या, परळच्याच रुग्णालयात. डॉक्टरांनी दीपकला बाहेर बोलावून सांगितलं आणि दीपकने ते पोटात ठेवलं. तो मुळात अबोल, बेस्टच्या आगारात काम करणारा, सणावारालाही चार वाक्यांपलीकडे न जाणारा माणूस. तिला 'गाठ आहे, निघेल' एवढंच माहीत. पण तिला संशय आला आणि ती एकटीच डॉक्टरांपुढे जाऊन बसली. तो तरुण डॉक्टर पडद्यावर बघत बोलायला लागला. विद्या म्हणाली, "डॉक्टर, माझ्याकडे बघून सांगा." त्याने सांगितलं. घरी येऊन ती दीपकवर रागावली नाही. नुसतं म्हणाली, "तू सांगायला हवं होतंस रे." तो रडला. तिने त्याला वरण-भात वाढला.

उपचार चालू असताना कंपनीचा ईमेल आला. फेररचनेत तिचं पद रद्द झालं होतं. रुग्णालयाच्या बाकावर बसून तिने तो मला वाचून दाखवला, एका दमात, बातम्या वाचाव्यात तसा. त्या आठवड्यात तिने प्रकल्पात आणखी एक मुलाखत जोडली. 'स्त्री, राहणार चिंचपोकळी, माध्यम ईमेल.' नाव अर्थातच कुणाचंच नव्हतं.

तोंडी परीक्षेला ती डोक्याला स्कार्फ बांधून आली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग यातून निष्कर्ष काय निघाला? सांगण्याची उत्तम पद्धत कोणती?"

"उत्तम अशी नाही सर," ती म्हणाली. "कसंही सांगितलं तरी लागतंच. सांगणाऱ्याने समोर यावं आणि पुढचा राग अंगावर घ्यावा... एवढंच मला सापडलं."

ती पास झाली. पण बढती मिळायला नोकरीच उरली नव्हती. त्यानंतर ती फार दिवस काढू शकली नाही. सदाकाका शेवटपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. अंत्ययात्रेला आले, जिन्यावरून उतरवताना खांदा दिला, आणि स्मशानातून परस्पर निघून गेले.

परवा मी दीपककडे गेले होते. आम्ही चहा घेत असताना विद्याचा फोन वाजला. त्याने तो बंद केलेला नाही. गोदामातून काढलेले लोक अजून तिला फोन करतात. कुणाला नव्या नोकरीसाठी शिफारस हवी असते, कुणाला पीएफचं काही विचारायचं असतं. बऱ्याच जणांना ती गेल्याचं माहीतच नाही. दीपकने पडद्यावरचं नाव वाचलं, उठला आणि गॅलरीत गेला. दार उघडंच होतं.

"हॅलो... नाही, मी त्यांचा नवरा बोलतोय. तुम्ही रस्त्यात आहात का? मग जरा बाजूला थांबा... हो. एक वाईट बातमी आहे."

नंतर बराच वेळ तो ऐकत उभा होता. पलीकडचं माणूस रडत असावं. दीपकने फोन ठेवायची घाई केली नाही. मग आत आला, फोन चार्जिंगला लावला आणि माझ्यासमोरचा गार झालेला चहा परत गरम करायला घेऊन गेला.