पिकल्याचा वास

निघालो त्या दिवशी आप्पा स्टेशनवर आले नाहीत. दापोऱ्याला आमच्या बागेत केळीची कापणी चालू होती आणि बांधाशी ट्रक उभा होता. मुलगा जर्मनीला चाललाय म्हणून ट्रक थांबत नाही. मी बॅग घेऊन बागेतच गेलो, तर खांद्यावर घड घेतलेल्या वडिलांनी एवढंच सांगितलं, "तिकडं ऊन नसते म्हणे. डोक्याले बांधत जाय." ऊन नसेल तर डोक्याला बांधायचं कशाला, याचा विचार मी बऱ्हाणपूर ते मुंबई करत बसलो. बव्हेरियातल्या पहिल्या हिवाळ्यात कान बधिर झाले तेव्हा कळलं.

तुम्ही घरची पोरं विचारता, काका तिकडं करतो काय? बीअर करतो. केमिस्ट्री शिकून गावात ट्यूशन घेण्याऐवजी मी बीअरच्या कारखान्यात लॅबला लागलो, आणि तिथून बव्हेरियातल्या या गावी, बीअर बनवणाऱ्या लहानशा ब्रुअरीत. आप्पांनी तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. चावडीवर सांगत, पोरगा जवाच्या कारखान्यात आहे. खोटं नव्हतं. जवाला आणि गव्हाला मोड आणून, ते वाळवून, भरडून त्याचं गोड पाणी काढायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. दह्याला विरजण, तसं. उरलेला चोथा गाईंना जातो हे ऐकून आप्पांना हायसं वाटलं. "म्हणजे ढेपेचंच काम म्हण ना!"

आता माझा पहिला पराक्रम. आपल्याकडे केळं बागेतून हिरवंच जातं. ट्रक चुकला, घड झाडावर पिवळा पडला, की व्यापारी हात लावत नाही. आप्पा नाक वर करून बागेत फिरायचे. पिकल्याचा वास आला की त्या दिवशी त्यांची भाकर ताटातच राहायची. असल्या घरात वाढलेला मी, एका सकाळी टाक्यांच्या खोलीत एकटा शिरलो, आणि समोरून पिकलेल्या केळ्याचा घमघमाट! माल चालला! कोणाला न विचारता मी थंडीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पिकणारी केळी गार करतात, एवढंच डोक्यात.

यीस्ट गारठून तळाशी जाऊन झोपलं. म्हातारा ब्रूमास्टर, म्हणजे बीअर करणारा आमचा मुख्य उस्ताद, आला, टाकीला हात लावून म्हणाला, "हे काय केलंस?" मी म्हणालो, "पिकलं होतं." मग त्यानं समजावलं, की या गव्हाच्या बीअरला केळ्याचा वास यावाच लागतो, तो यीस्टच करतं, आणि लोक त्यासाठीच ती पितात. तेव्हापासून मी तिथं "हेर बनाने", म्हणजे केळेसाहेब.

आप्पांना फोनवर सांगितलं तर ते खोकला लागेपर्यंत हसले. "आपल्याकडे पिकलं की रडायचं, अन् तिथं पिकलं की शाबासकी?" मग दर रविवारी माझी तब्येत विचारायची सोडून ते विचारत, "पिकलं का?"

तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले. दुपारी बागेतून आले, खाटेवर पडले, ते उठले नाहीत. मी दहाव्याला पोहोचलो. डोकं भादरलं, तापीत बुडी मारली, रडू आलं नाही. इकडे परतून टाक्यांच्या खोलीत पाय टाकला, आणि आप्पा तिथं होते. दिसले नाहीत. पण नाक वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या श्वासाचा एक आवाज असतो, तो टाकीमागून येत होता. मी म्हणालो, "आप्पा, आज नाही पिकलं. उद्या." ब्रूमास्टरला वाटलं, मी यीस्टशी बोलतोय. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो स्वतः बोलतो.

तेव्हापासून प्रत्येक टाकीला ते येतात.

आता इथली तरुण माणसं पूर्वीसारखी बीअर पीत नाहीत. लहान ब्रुअऱ्या बंद पडताहेत, आमचीही पडतेय. मला मोठ्या कारखान्यात काम मिळत होतं, पण तिथं लागर या दुसऱ्या जातीची बीअर बनते, आणि लागरला केळ्याचा वास आला तर तो दोष धरतात. मग तिथं आप्पांनी यायचं कसं?

म्हणून यंदा डिसेंबरात गावी आलो तेव्हा मी तुम्हाला बागेत वेड्यासारखा फिरताना दिसलो. तुमचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुनील, ओरडला, "भाऊ, क्या ढूंढ रहा तू? मोबाईल गिर गया क्या?" बागेत सगळं हिरवं, वास नाही. बऱ्हाणपूरला बुधवाऱ्याच्या बाजारात केळ्यांच्या गाडीसमोर उभा राहिलो. वास होता, पण परका. गाडीवाला म्हणाला, "साहब, सूंघने का नहीं, लेने का है."

संध्याकाळी माय तांदूळ निवडत होती. आप्पांचं नाव मी काढलं नव्हतं. तीच म्हणाली, "तुज्याकडं येतात का रे ते?"

"येतात."

तिचा हात थांबला. "इथं नाही येत. मी रोज वाट पाहते. मले वाटे, रागावले." मग तांदळातला एक खडा वेचून म्हणाली, "मंग मी परत ये परत ये म्हणत होते, ते विसर. त्यांना एकटं टाकून येऊ नको."

तेव्हा मी तिला सांगितलं, की ते येतात ती टाक्यांची खोलीच बंद होतेय.

"वास कशानं येतो?"

"विरजणानं. जवाचं गोड पाणी पाजत राहिलं की बरणीतही जगतं."

"मंग आण ना बरणीत."

"माय, ते दारूचं विरजण आहे."

चातुर्मासात घरात कांदा न येऊ देणारी माझी माय. तिनं ताटातले खडे एका बाजूला सारले. "देवघरापासून लांब ठेवू," म्हणाली.

इकडे परतल्यावर लागरवाल्यांना मी नकार कळवला. ब्रूमास्टरनं कशाला ते न विचारता विरजणाची बरणी भरून दिली. ती फ्रिजमध्ये आहे, गावी यायचं तिकीट टेबलावर आहे. परवा सुनीलचा फोन आला. म्हणे, मायनं पडवीतल्या फळीवरून लोणच्याची बरणी हलवलीय, तिथं धुतलेला पंचा अंथरलाय, आणि फळीला कोणाला हात लावू देत नाही. मी म्हणालो, अरे, प्रवासात ते मरूही शकतं. उन्हात त्याचा वासही बदलेल. सुनील म्हणाला, "ते तू मायले सांग."

मी सांगितलं नाही. पूर्वी कोणी घर विचारलं तर मी दापोरा सांगायचो, नंतर या गावाचं नाव सांगायला लागलो. सध्या माझं घर त्या रिकाम्या फळीएवढं आहे.