सतरावा प्रश्न चिनकाकूंचा

चिनकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टुलावरून उठत होत्या. सकाळी मी इस्पितळात शिरलो तेव्हा त्यांनी उठायला सुरुवात केली; दुपारी जेवायला बाहेर पडलो तेव्हा अर्ध्यावर पोचल्या होत्या. मधल्या वेळात नदीला भरती येऊन ओसरली, वरच्या मजल्यावर एका बाईला जुळं झालं आणि आमच्या मोठ्या साहेबांच्या तीन झोपा झाल्या. काकू स्वतःच्या गुडघ्यांना ज्या शिव्या देत होत्या, त्या आमच्या सा देक गावच्या घाटावरच्या नावाड्यांनी वहीत उतरवून घ्याव्यात अशा होत्या.

वीतभर उंचीचं प्लॅस्टिकचं स्टूल, पुढ्यात शेवयांच्या सुपाचं पातेलं, आणि एकोणतीस वर्षं इस्पितळाच्या फाटकाशी बैठक. गुडघे टिकले असते तरच नवल.

मी तिथे कारकून. डॉक्टर ख्यूए नावाची उत्साही पोरगी शहरातून आली होती. गुडघेदुखीची परदेशी प्रश्नावली तिने आमच्या भाषेत आणली होती आणि ती इथल्या माणसांना लागू पडते का, हे तपासायचं होतं. पहिल्यांदा वाचून दाखवायला सगळ्यांत जवळचा रोगी म्हणजे चिनकाकू.

मोजे घालताना किती त्रास होतो, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, अजिबात नाही, कारण घालतच नाही. बाथटबमधून बाहेर येताना? काकू रांजणातलं पाणी तांब्याने अंगावर घेणाऱ्या. बाथटब म्हणजे काय ते मी समजावलं. स्वतःच्याच मळात बसून राहणाऱ्या माणसांना गुडघ्यांची एवढी काळजी कशाला, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी डॉक्टरलाच बोलावून घेतलं.

"पोरी, यात माझं दुखणं कुठंय? नवऱ्याच्या पुण्यतिथीला देव्हाऱ्यातल्या त्यांच्या फोटोपुढे तीनदा गुडघे टेकून डोकं जमिनीला लावायचं असतं. पहिल्यांदा जाते मी खाली. मग नणंद मला तांदळाच्या पोत्यासारखी वर ओढते आणि पाहुण्यांसमोर म्हणते, वहिनी, दादा अजून सोडत नाही वाटतं तुम्हाला. ते लिही."

डॉक्टरने लिहिलं. बाथटब गेला आणि सतराव्या जागी देव्हाऱ्यापुढचा नमस्कार आला. त्या दिवसापासून सूप प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला कळायचं की डॉक्टरांच्या कागदातला सतरावा प्रश्न काकूंचा आहे. नणंदेला दोनदा कळलं. तो छापून आला की पुण्यतिथीला तिच्यासमोर धरायचा आणि मग बिनदिक्कत उभ्यानेच हात जोडायचे, असा काकूंचा बेत होता.

मग शंभर रोग्यांची परीक्षा. तोच कागद आठवड्याच्या अंतराने दोनदा भरायचा. उत्तरं जुळली तर प्रश्न पक्का, नाहीतर बाद. पहिली फेरी इस्पितळात झाली. दुसऱ्या फेरीला कोणी फिरकेना, म्हणून मी मोटरसायकलवरून घरोघर निघालो.

प्रत्येक घरी मला बाहेरच्या खोलीत बसवलं, चहा दिला. इस्पितळात "नमस्कार करताना जीव जातो" म्हणणारी माणसं आता भिंतीकडे एक नजर टाकून म्हणायची, काहीच त्रास नाही. भिंतीशी देव्हारा, त्यात आजोबा-पणजोबांचे फोटो, समोर केळी, उदबत्ती. मीही असल्याच घरात वाढलेला. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. मी खुणा करत गेलो.

शेवटचं घर चिनकाकूंचं. नवऱ्याच्या फोटोखाली बसून त्याही म्हणाल्या, "काही त्रास नाही."

"काकू, हा प्रश्न तुमचाच आहे."

त्यांनी मला मागे स्वयंपाकघरात ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "ते ऐकतायत ना. तुमचं काही जड नाही हो, असं जन्मभर सांगितलं त्यांना. आता त्यांच्या तोंडावर कसं सांगू?"

"मग इथे सांगा."

"इथे चूलदेव आहेत. ते दर वर्षाअखेर वर स्वर्गात जाऊन घरातल्या सगळ्या चहाड्या सांगतात."

शेवटी कालव्याच्या काठावर, एका बदकाच्या साक्षीने, मला खरं उत्तर मिळालं: असह्य. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण उरलेले नव्व्याण्णव कागद भरून झाले होते, आणि डॉक्टरच्या नियमात तिसरी फेरी नव्हती.

सतरावा प्रश्न बाद झाला. मोज्यांच्या प्रश्नाला दोन्ही वेळा सगळ्यांनी "त्रास नाही" म्हटलं होतं, म्हणून तो छापला गेला.