शेंगदाण्याच्या डब्यातली गोळी

पुण्याची नोकरी सोडून मी नेवाशाकडच्या आमच्या वस्तीवर परत आले, तेव्हा गावाला द्यायचं उत्तर आईनं आधीच तयार ठेवलं होतं. "तिचं वर्क फ्रॉम होम चालू हाय." शेजारच्या काकू येताना दिसल्या की ती मला लॅपटॉपसमोर बसवायची. कंपनीचा लॅपटॉप तर मी केव्हाच जमा करून आले होते. हा माझा कॉलेजातला होता, बॅटरी गेलेला. काळ्या पडद्यासमोर मी कीबोर्ड बडवत बसायचे आणि काकू दारात उभ्या राहून कौतुकानं बघायच्या.

खरं एवढंच होतं की मला डिप्रेशन आलं होतं. हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नव्हतं. आई त्याला टेन्शन म्हणायची, आप्पा दगदग म्हणायचे. दगदग मला ठाऊक आहे, मी ऊस लावणाऱ्यांच्या घरात वाढले आहे. हे वेगळं होतं. पुण्यात एका सकाळी मी एक बूट पायात घातला आणि दुसरा हातात घेऊन पलंगावर बसले, ती दुपारपर्यंत बसूनच राहिले. मोबाईल सारखा टुणटुणत होता, टार्गेटचं काय झालं विचारत होता, आणि मला तो बूट घालता येईना. रडूही येईना. प्रेशर सगळ्यांनाच असतं, असं माझा मॅनेजर म्हणाला. असेल बुवा. पण बाकीच्यांना बूट घालता येत होते.

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू गुण आला. भूक लागायला लागली. सकाळी उठून मी गोठ्यातलं शेण काढू लागले. एकदा तर टीव्हीच्या आवाजावरून आप्पांशी कडकडून भांडले, तेव्हा मलाच बरं वाटलं. पण आईनं माझ्या गोळ्या फळीवरून उचलून शेंगदाण्याच्या डब्यात तळाशी दडवल्या. कुणी आलं-गेलं तर दिसायला नकोत म्हणून. रोज कोपरापर्यंत शेंगदाण्यात हात घालून मी माझं औषध शोधत होते आणि रोज माझं डोकं फिरत होतं.

त्यात एक स्थळ आलं. पाहुणे रविवारी बघायला येणार, असं ठरलं.

"लग्न झाल्यावर सांगू हळूच," आई म्हणाली. "आन तोवर गोळ्याच बंद कर की. चांगली तर दिसतीस."

आता मात्र मी घाबरले. गोळ्यांमुळेच मी चांगली दिसत होते. त्या बंद केल्या तर तो हातातला बूट परत येणार, तोही परक्या घरात, जिथं कुणाला काही माहीत नाही. मी आप्पांकडे बघितलं. ते जनावरांना पेंड घालायला उठून गेले.

रविवारच्या आधी घोडेगावचा बाजार होता आणि आप्पांना एक गाय विकायची होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झाल्यामुळे त्यांना पिकअप चालवायला बंदी होती, म्हणून मी चालवली. बाजारात लोक गाईपेक्षा मलाच जास्त बघत होते. मीही बघू दिलं.

एका गिऱ्हाईकाला गाय पसंत पडली. सौदा होत आला, तसे आप्पा म्हणाले, "थांबा. आधीच सांगतो. हिला मागं दगडी झालती, कास दगडावानी घट्ट झालती. आता बरी हाय. पन उजवीकडच्या सडाला हात लावायच्या आधी जरा थोपटा, न्हाईतर लाथ मारती. थोपटलं की गप उभी ऱ्हाती."

दलालानं कपाळाला हात लावला. गिऱ्हाईकानं भाव पाडला, पण गाय घेतली.

परतताना मी विचारलं, "सांगायची काय गरज होती?"

"न सांगता दिली असती तर तिकडं रोज मार खाल्ला असता तिनं. त्यांना वाटलं असतं, खोडीलच हाय."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"आणि मला न सांगता देताय, त्याचं काय?"

आप्पांनी काळा चष्मा काढला आणि परत घातला. "तू काय जनावर हाईस व्हय?"

"नाही ना? मग गाईला जेवढं जपता तेवढं तरी मला जपा."

मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. आप्पांनी खिडकीतून हात काढून त्याला पुढं जायची खूण केली. मग म्हणाले, "चल, धारा काढायच्यात." मला त्यांचा इतका राग आला होता की घरापर्यंत मी गिअर खाडखाड आदळत गाडी चालवली.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं विचारलं, "मग घरूनच काम का?" आणि आमची आई उत्साहानं सांगू लागली. मी उठले. स्वयंपाकघरातून शेंगदाण्याचा डबा आणला, सगळ्यांसमोर त्यात हात घातला आणि गोळ्यांची पट्टी काढून पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवली.

"मी नोकरी सोडलीय. मला डिप्रेशन आहे. या गोळ्या रोज घेते, त्यानं बरं वाटतं. डॉक्टर थांबवेपर्यंत घेणार आहे, लग्नानंतरसुद्धा."

माझा आवाज लटपटला नाही. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

मुलाच्या मामांनी मला काहीच विचारलं नाही. ते आप्पांकडे वळले. "पूर्ण बरी व्हईल याची ग्यारंटी काय?"

"ग्यारंटी मी गाईची बी देत न्हाई," आप्पा म्हणाले. "हाय ते खरं सांगतो, तेवढंच."

कळवतो म्हणून पाहुणे गेले. कळवलं नाही. गावाला मात्र संध्याकाळच्या आत कळलं. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी ताटात आदळायची, पण सगळ्यात आधी माझ्याच ताटात.

मग एका सकाळी काकू आल्या. मी ओट्यावर मेथी निवडत होते. लॅपटॉप कपाटात होता.

"आज मीटिंग न्हाई व्हय गं?" काकूंनी मिटक्या मारत विचारलं. त्यांनाही सगळं कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी तोंड उघडायच्या आत आई आतून आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पट्टी. पट्टीला शेंगदाण्याची सालं चिकटलेली नव्हती.

"गोळी ऱ्हायली तुझी," ती मला म्हणाली. पाहुणे गेल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"कसली गं गोळी?" काकू म्हणाल्या.

आईनं पदर खोचला.

"डिप्रेशनची. का?"