खुर्चीचा खटका

लातूरकरांनो, आज माझं डोकं सणकलंय.

दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून पाठ धरते, म्हणून दुपारी खुर्ची बघायला गेले होते. शेजारी एक गृहस्थ नीटची तयारी करणाऱ्या मुलीसाठी खुर्ची निवडत होते. आधी स्वतः बसले, खटका दाबून पार मागं रेलले आणि डोळे मिटून म्हणाले, "लई आराम हाय!"

मग उठले आणि दुकानदाराला म्हणाले, "मागं जायचा हा खटका तेवढा काढून द्या. पोरगी झोपंल."

दुकानदार निर्लज्जासारखा हसला. "सगळे पालक काढूनच नेतात."

मला राहवलं नाही. "अहो, पाठ तिलाही आहे की!"

तर मलाच विचारतात, "मॅडम, तुमचं लेकरू कोणत्या बॅचला हाय?"

तुम्हीच सांगा, या माणसानं लेकीला खुर्ची घेतली की खोडा?