भिंगरीचा बोल्ट कुणी आवळला?

या फोरमवर मी दोन वर्षं नुसता वाचतोय, आणि खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा वाचून हसलोय. आमचं कोल्हापुरात राजारामपुरीत हार्डवेअरचं दुकान. नट, बोल्ट, वॉशर... हातात धरता येईल तेवढंच खरं मानणारं घर. कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी त्याला सरळ वेड्यात काढायचो. आजही काढेन. पण शिरोलीत त्या सकाळी दोनशे माणसांनी जे ऐकलं त्याचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात १९९६ ची. शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्रीवाले होते. नाव लिहीत नाही, घरची माणसं अजून इथंच आहेत. आपण त्यांना मालक म्हणू. या मालकांना परदेशातून गायरोकॉप्टर मागवायची हौस आली. हे विमान नव्हे आणि हेलिकॉप्टरही नव्हे. मागचं इंजिन ढकलतं, डोक्यावरचा लांबलचक पंखा नुसत्या वाऱ्यानं फिरतो आणि त्यावर यंत्र तरंगतं. एकामागं एक दोन सीटा, त्याही उघड्यावर. इंजिन बंद पडलं तरी पंखा फिरत राहतो, यंत्र आरामात खाली येतं. पण पंख्याच्या मधला मुख्य बोल्ट तुटला तर खेळ खलास. गावानं तिचं नाव भिंगरी ठेवलं. माझ्याकडं विमानाचं लायसन्स होतं, पण भिंगरीची मजा विमानाला नाही. पायाखाली उसाचे फड, लांबवर पंचगंगेचं वळण, आणि तोंडावर असा वारा की डोळ्यांतून पाणी काढावं.

भिंगरी जोडली ती मेहबूबचाचांनी, आणि मला उडवायला शिकवलं तेही त्यांनीच. लष्करी विमानांवर हयात घालवलेला मेकॅनिक. प्रत्येक बोल्ट आवळला की ते चाचींच्या लाल नेलपॉलिशनं बोल्टच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत एक रेघ ओढायचे. बोल्ट जरा जरी सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. चाचांच्या रेघेच्या डोक्यावरच्या टोकाला एक ठिपका असायचा. माझी रेघ बिनठिपक्याची. मग उडण्याआधी चाचा ओरडून विचारायचे, "मेन बोल्ट?"

"बघितला!"

"कुणी आवळला?"

"मी!"

समोरचा 'मी' म्हटल्याशिवाय इंजिन सुरू व्हायचं नाही. आणि एक नियम होता, तोच पुढं नडला. आम्हा दोघांपैकी एकानं आवळला की दुसऱ्यानं तो खोलून बघायचा नाही. "माणसावर भरवसा नसंल तर वर जायचंच कशाला, बसू?" असं म्हणायचे. बसू म्हणजे मी.

१९९८ साली मुख्य बोल्ट झिजला. चाचांनी भिंगरी खाली बसवली. म्हणाले, "नवा पार्ट येईस्तोवर ही उडणार न्हाय." पार्ट यायला दोन महिने. इकडं मालकांकडं पाहुणे यायचे होते. चाचा लग्नाला मिरजेला गेले, मी पुण्याला. परत आलो तेव्हा भिंगरी माळावर पडली होती, आणि चाचा सीपीआर हॉस्पिटलच्या शवागारात.

मालकांनी सगळ्यांना सांगितलं, म्हातारा पिऊन उडाला. बोल्टही त्यानंच बसवला होता. अरे, पाच वेळा नमाज पढणारा माणूस! पण मेलेला माणूस काय बोलणार? चाचींच्या गल्लीत बायका तोंड फिरवायला लागल्या. मशिदीतून घरी येताना त्यांच्या मुलाला लोक टोमणे मारायचे. चाचींनी पाच वर्षं एकच म्हटलं, "मला पैसा नको. ते पिऊन मेले न्हाईत, एवढं त्या माणसानं तोंडानं म्हणू दे."

माळावर मला अर्धा बोल्ट सापडला होता. डोक्यावर कंपनीचा शिक्का नाही. बोल्ट विकणाऱ्याचा मुलगा मी, बघताक्षणी कळलं की हा इथंच लेथवर काढलेला आहे. आपल्याकडं ती मस्ती आहेच की, शिरोलीत काय बनत न्हाय? आणि त्यावर लाल रेघ होती... बिनठिपक्याची. माझ्यासारखी. हा बोल्ट दाखवला असता तर लोक मलाच विचारते, तूच बसवलास ना? मी भ्यालो. गप्प बसलो. त्याची लाज आजही वाटते.

२००३ मध्ये मालकांनी दुसरी भिंगरी आणली आणि पायलट म्हणून मला बोलावलं. मी लगेच हो म्हणालो. का, तेही सांगतो. सूड! फाउंड्रीच्या वर्धापनदिनाला वरून फुलं टाकायची होती आणि मालकांना आकाशातून कामगारांशी बोलायचं होतं. दोघांच्या हेडफोनला माईक होते. बोलायचं बटण माझ्या अंगठ्याखाली. ते दाबलं की आमचा आवाज खाली लाऊडस्पीकरवर. मी ठरवलं होतं, भाषण झालं की बटण सोडायचं नाही. वर इंजिन बंद करायचं आणि म्हणायचं, आता बोला मालक. भिंगरी पडणार नाही हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. चाचींना मी स्वतः स्कूटरवरून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

सकाळचे दहा वाजलेले. मुख्य बोल्ट मी स्वतः आवळला, रेघ ओढली. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मनातच 'मी' म्हटलं आणि उडालो.

मालकांचं भाषण झालं. फुलं टाकून झाली. "माईक बंद कर रे आता," ते म्हणाले. मी अंगठा तसाच ठेवला. दुसरा हात इंजिनच्या खटक्याकडं नेला... आणि मालक बोलायला लागले.

"बघितला," ते म्हणाले.

मी मान वळवून मागच्या सीटकडं बघितलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून पुढं, नुसत्या हवेकडं डोळे लावलेले.

"मी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मी बसवला... माझ्या लेथवर काढला. व्हय, रेघ पण मीच ओढली." पुन्हा थांबले. कुणाचं तरी ऐकल्यासारखे. "न्हाय, तुम्ही पिला नव्हता. मी खोटं बोललो. तुम्ही विचारलासा कुणी आवळला, तर मी... मी बसूचं नाव सांगितलं. म्हटलं, नवा पार्ट आला, त्यानं पुण्याला जायच्या आधी बसवलाय. म्हणून तुम्ही खोलून बघितला न्हाय... चाचा, सोडा मला! सोडा की!"

चाचा माझ्या नावावर भरवसा ठेवून वर गेले होते! इंजिन मी बंद केलंच नाही, त्याची गरजच उरली नव्हती. मालक ढसाढसा रडत होते आणि मी भिंगरी कशीबशी खाली आणली. त्यांना उतरवायला एकही कामगार पुढं आला नाही. मला दया आली नाही. आनंद झाला, आणि तो मी लपवणार नाही.

चाचींनी माझा हात धरला. "प्रश्न कोण विचारत होतं रे?"

"कुठले प्रश्न, चाची? मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"सगळ्यांनी ऐकलं की स्पीकरवर. लोकांला वाटलं तू हाईस. मला सांगू नको बाबा, तीस वरसं ऐकलाय मी तो आवाज!"

वर माईक दोनच होते. माझ्या हेडफोनमध्ये मालकांशिवाय कुणाचाही आवाज आला नव्हता. आणि उडण्याआधी 'बघितला' आणि 'मी' हीच उत्तरं द्यायची असतात हे मालकांना कधी माहीतच नव्हतं, कारण चाचा तपासणीच्या वेळी कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत.

पोलिसांत पुढं काही झालं नाही. स्पीकरवर ऐकलं म्हणून कोण केस करतंय? पण शिरोलीनं सोडलं नाही. चहाच्या टपरीवर, पेट्रोल पंपावर, देवळाच्या रांगेतसुद्धा कुणीतरी मागून ओरडायचं, "मालक, कुणी आवळला?" वर्षभरात फाउंड्री विकून ते कोल्हापूर सोडून गेले. चाचींच्या गल्लीतल्या बायका पुढच्या ईदला शीरखुर्मा घेऊन दारात आल्या. चाचींनी आत घेतलं. मी असतो तर घेतलं नसतं.

स्पीकरवरचा आवाज कुठून आला, मला माहीत नाही. रेडिओ जाणणाऱ्या तिघांना विचारून झालं. आणि एक गोष्ट मी चाचींशिवाय कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी शिडी लावून मुख्य बोल्ट बघितला. सकाळी मी ओढलेली रेघ जागेवरच होती, सरळ. तिच्या टोकाला लाल ठिपका होता. बोट लावलं तर ओला.